सगळ्यात जास्त चषक कोणाचे?

अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला लाखभर माणसं जमतात. थाप वाटली ना? मिशिगन विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियमच घ्या. तिथे बसायला एक लाख सात हजारांच्या वर जागा आहेत, आपल्या वानखेडेच्या तिपटीहून जास्त. आणि मैदानात खेळणारे कोण? सोमवारी सकाळी वर्गात बसून वही उघडणारे विद्यार्थी! (फुटबॉल म्हणजे त्यांचा फुटबॉल बरं का. डोक्यावर हेल्मेट आणि काखेत लांबुडका चेंडू घेऊन धावायचं.)

खेळाचं एवढं वेड म्हटल्यावर कोणी किती जिंकलं याचा हिशेब आलाच. तो ठेवते एनसीएए नावाची संस्था. हजाराहून जास्त कॉलेजं आणि विद्यापीठं तिची सभासद आहेत आणि वर्षाला नव्वदच्या आसपास राष्ट्रीय स्पर्धा ती भरवते. तिची पहिली स्पर्धा १९२१ मध्ये झाली, धावणं, उड्या, फेक वगैरे मैदानी प्रकारांची. ती इलिनॉय विद्यापीठानं जिंकली.

आज तक्त्यात सगळ्यात वर आहे स्टॅनफर्ड विद्यापीठ. सांघिक विजेतेपदं १३० च्या वर! दुसरं यूसीएलए, १२० च्या वर. तिसरं यूएससी, ११० च्या वर. आणि चौथं? ते एकदम स्टॅनफर्डच्या निम्म्यापाशी. वरची तिन्ही विद्यापीठं एकाच राज्यातली, कॅलिफोर्नियातली. त्यातली यूसीएलए आणि यूएससी तर एकाच शहरात, लॉस एंजेलिसमध्ये, आणि त्यांचं एकमेकांशी हाडवैर.

झालं उत्तर. पण थांबा. तक्ता कोणाचाही असो, मी आधी एकच विचारते: यात धरलंय काय आणि सोडलंय काय?

ज्या फुटबॉलला लाख माणसं लोटतात, त्याच्या सगळ्यात वरच्या गटाची विजेतेपदं या तक्त्यात धरलेलीच नाहीत. एकही नाही. कारण त्या गटाची राष्ट्रीय स्पर्धा एनसीएएनं कधी भरवलीच नाही. कित्येक वर्षं तर अंतिम सामनाच नसायचा. हंगाम संपला की पत्रकार मतं द्यायचे, प्रशिक्षक वेगळी मतं द्यायचे, आणि ज्याला जास्त मतं तो विजेता. १९९७ साली पत्रकार म्हणाले मिशिगन, प्रशिक्षक म्हणाले नेब्रास्का. दोघांनीही चषक घेतला आणि दोघेही खूश! अलाबामा विद्यापीठ सांगतं, आमची फुटबॉलची अठरा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. एनसीएएच्या हिशेबात त्या अठरांची किंमत शून्य.

गंमत अशी की एनसीएए जन्माला आली ती फुटबॉलमुळेच. १९०५ च्या सुमारास हा खेळ इतका धसमुसळा होता की मैदानावर मुलं अक्षरशः मरत होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठमोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सांगितलं की हा खेळ सुधारा. १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची परवानगी मिळाली, आणि नियमांवर लक्ष ठेवायला एक संस्था उभी राहिली. तीच पुढे एनसीएए झाली.

बरं, अमेरिकेतली पहिली आंतरकॉलेज लढत कोणत्या खेळाची होती, सांगा पाहू? नौकानयनाची. १८५२ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्ड आणि येलची मुलं न्यू हॅम्पशरमधल्या एका तळ्यावर होड्या घेऊन उतरली. खर्च एका रेल्वे कंपनीनं केला. लोक आगगाडीनं बघायला येतील आणि तिकिटं खपतील, असा तिचा हिशेब. हार्वर्ड जिंकलं. त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली, पण मुलग्यांचं नौकानयन आजही एनसीएएच्या यादीत नाही. मुलींचं मात्र आहे, १९९७ पासून.

ते कसं काय? तर १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगे आणि मुली असा भेदभाव करायचा नाही, आणि हे खेळांनाही लागू. आता एकट्या फुटबॉलच्या संघातच शंभरेक मुलगे असतात. तेवढ्या मुलींना खेळायची संधी द्यायची कशी? होडीत! एका मोठ्या होडीत आठ जणी वल्ही मारतात, नववी सुकाणू सांभाळते, आणि अशा होड्या भरत गेलं की गोळाबेरीज जमायला बरीच मदत होते. त्यामुळे आयुष्यात कधी वल्हं हातात न धरलेल्या उंच, दणकट मुलींनाही कॉलेजात आल्या आल्या कोणीतरी विचारतं, “येतेस का होडीवर?” त्यातल्या काही पुढे राष्ट्रीय विजेत्या होतात.

मुलींच्या बाबतीत तक्त्याला आणखी एक भोक आहे. एनसीएएनं मुलींसाठी स्पर्धा सुरू केल्या त्याच मुळी १९८१-८२ पासून. त्याआधी मुलींचे सामने दुसरी संघटना भरवायची. तिथली विजेतेपदं खरीखुरीच होती, पण या तक्त्यात ती मोजत नाहीत.

मग मोजतात काय? बास्केटबॉल, पोहणं, टेनिस हे तर आहेतच. पण तलवारबाजीही मोजतात, रायफलीची नेमबाजी मोजतात (तिथे मुलगे-मुली एकाच संघात खेळतात), बर्फावरचं स्कीइंग मोजतात, मुलींचं बोलिंगसुद्धा मोजतात. आणि सगळ्यांचं वजन सारखं. वीस हजार प्रेक्षकांसमोर जिंकलेलं बास्केटबॉलचं विजेतेपद एक, आणि चारशे माणसांसमोर जिंकलेलं तलवारबाजीचं विजेतेपदही एकच.

हे एकदा कळलं की स्टॅनफर्डचं गुपित उघडं पडतं. त्यांचे ३६ खेळांचे संघ आहेत. पुष्कळ मोठी विद्यापीठं वीसेक खेळांवर थांबतात. जितक्या स्पर्धांना नाव द्याल तितके चषक घरी येण्याची शक्यता जास्त, हे गणित तुम्हाला शिकवायला नको. पण नुसतं नाव देऊन भागत नाही. १९७६-७७ पासून स्टॅनफर्डनं चाळीसहून जास्त वर्षं ओळीनं, दर वर्षी निदान एक तरी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलंय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्डच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून ३९ पदकं आणली. तेव्हा भारताची होती सहा.

एवढे खेळ पोसायला पैसाही तेवढाच लागतो. २०२० मध्ये स्टॅनफर्डनं अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांचा मल्ल शेन ग्रिफिथ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो कोरा काळा पोशाख घालून. अंगावर विद्यापीठाचं नाव नाही, चिन्ह नाही. तुम्ही आम्हाला नको म्हणता ना, मग तुमचं नाव तरी का मिरवू? आणि पठ्ठ्या जिंकला! त्यानंतर दोनेक महिन्यांत विद्यापीठानं अकराच्या अकरा खेळ ठेवायचं ठरवलं. माजी खेळाडूंनी आधीपासूनच रान उठवलं होतं, हेही खरं.

आता कॅलिफोर्नियाच का, याचं उत्तर बघायला वॉटरपोलोच्या तलावात उतरू या. या खेळात प्रत्येक बाजूचे सात जण पाण्यात असतात. तळाला पाय टेकायचे नाहीत. गोलकीपर सोडून कोणी चेंडूला एकदम दोन हात लावायचे नाहीत. म्हणजे एका हातानं चेंडू झेलायचा, अंगावर आलेल्याला चुकवायचं, आणि हे करताना कमरेपर्यंत पाण्याबाहेर यायचं. पोहता येणं निराळं आणि खोल पाण्यात उभं राहता येणं निराळं. ही माणसं उभी कशी राहतात?

सगळी करामत पाण्याखाली. बेडकासारखे दोन्ही पाय एकदम मारले तर अंग वर उसळतं, पण पाय पुन्हा गोळा करेपर्यंत खाली जातं. वर-खाली, वर-खाली. म्हणून वॉटरपोलोवाले पाय आळीपाळीनं फिरवतात. गुडघे बाहेर, मांड्या खुर्चीत बसल्यासारख्या, आणि पोटऱ्या गोल गोल, एक एका दिशेला तर दुसरी उलट दिशेला. एक पाय पाणी खाली ढकलत असतो तेव्हा दुसरा परत येत असतो. त्यामुळे पाणी सतत खाली ढकललं जातं आणि पाणी अंगाला सतत वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम पुस्तकात वाचलाय ना, तोच. फक्त इथे तो पाऊण तास पायांनी सोडवत बसायचा.

हे जमायला लहानपणापासून तलावात पडावं लागतं. कॅलिफोर्नियात थंडी बेताची, त्यामुळे उघडे तलाव वर्षभर चालू. तिथल्या शाळाशाळांत वॉटरपोलो खेळतात. बाकीच्या बऱ्याच राज्यांत तो खेळणारी कॉलेजंच मोजकी. परिणाम काय? मुलग्यांची एनसीएए स्पर्धा १९६९ पासून चालू आहे आणि तिचं एकही विजेतेपद कॅलिफोर्नियाबाहेर गेलेलं नाही. मुलींची २००१ ला सुरू झाली. २०२५ पर्यंत ती फक्त तिघांनी जिंकलीय, आणि ते तिघं कोण हे तुम्ही ओळखलंच असेल. शंभर विजेतेपदं पहिल्यांदा यूसीएलएनं गाठली ती २००७ मध्ये, आणि शंभरावं मुलींच्या वॉटरपोलोचंच होतं. अंतिम सामन्यात हरवलं स्टॅनफर्डला, ५-४. पुढे दहा-बारा वर्षांत स्टॅनफर्डनं त्यांना तक्त्यात मागे टाकून उट्टं काढलं.

यूसीएलए म्हटलं की लोकांना आठवतो तो मात्र बास्केटबॉल, आणि बास्केटबॉल म्हटलं की जॉन वुडन सर. हे सर १९४८ मध्ये यूसीएलएला आले. पहिली पंधरा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद काही मिळालं नाही. सराव एका जुन्या व्यायामशाळेत चालायचा. त्याच दालनात एकीकडे जिम्नॅस्टिक्सवाले उड्या मारताहेत, दुसरीकडे कुस्ती चाललीय, आणि घामाचा असा वास की पोरांनी त्या जागेला घामट गोठा म्हणावं असंच नाव पाडलेलं. सरावाआधी सर स्वतः हातात झाडू आणि फडकं घेऊन जमीन साफ करायचे. १९६४ मध्ये पहिलं विजेतेपद आलं आणि मग जणू धरणाचं दार उघडलं. बारा वर्षांत दहा! त्यातली सात ओळीनं, १९६७ ते १९७३.

असे सर पहिल्या तासाला काय शिकवत असतील? पास? नेम? छे. मोजे घालायला.

नवी मुलं, काही सात फुटांची, देशभर नावाजलेली, बाकावर अनवाणी बसलेली, आणि सर दाखवताहेत: मोजा पायात नीट वर ओढा. करंगळीपाशी हात फिरवून बघा, सुरकुती आहे का? टाचेपाशी? आता मोजा वर धरून ठेवा आणि बूट घाला. नाडी एकेका भोकापाशी आवळत या. दुहेरी गाठ मारा.

मुलं एकमेकांकडे बघत असणार. पण सरांचं म्हणणं चोख होतं. बूट चावतो तेव्हा नेमकं काय होतं? बास्केटबॉलमध्ये धावता धावता एकदम थांबायचं, वळायचं, उडी मारायची. दर वेळी बूट एकीकडे ओढतो आणि आतलं हाड दुसरीकडे. मध्ये सापडते कातडी. तिथे मोज्याची घडी असली तर सगळा दाब आणि घासणं त्या एका रेघेवर येतं. त्यात घामानं ओलसर कातडीवर घर्षण कोरडीपेक्षा जास्त. पुन्हा पुन्हा ओढ बसून बाहेरच्या कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, मधल्या पोकळीत पाणी भरतं, आणि फोड तयार. फोड आलेला खेळाडू लंगडतो, लंगडणारा बाकावर बसतो, आणि त्याचा संघ सामना हरतो. सरांनी ही साखळी मोज्याच्या सुरकुतीपासूनच तोडली.

त्या काळात पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची परवानगी नव्हती. त्यांचा वेगळा संघ असायचा. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये यूसीएलएचं नवं कोरं क्रीडागृह उघडलं. त्यानिमित्त ठरलं की मुख्य संघानं, म्हणजे लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या संघानं, पहिल्या वर्षाच्या पोरांशी एक सामना खेळायचा. पोरं जिंकली, ७५-६०! देशात पहिला नंबर असलेला संघ आपल्याच कॉलेजात दुसरा आला. त्या पोरांत एक होता लू अल्सिंडॉर, उंची सात फूट दोन इंच. पुढे त्याच्या संघानं ओळीनं तीन विजेतेपदं घेतली. मधेच १९६७ मध्ये एनसीएएनं डंक करण्यावर, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट कड्यात कोंबण्यावर, बंदी घातली. ती थेट १९७६ पर्यंत टिकली. मग लू लांबूनच, डोक्यावरून हात कमानीसारखा नेऊन चेंडू टाकायला शिकला. हाच लू पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावानं व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त गुण करणारा खेळाडू झाला आणि हा विक्रम २०२३ पर्यंत त्याच्याच नावावर राहिला.

चषक नुसते येत नाहीत, जातातही. १९९५ मध्ये यूसीएलएच्या मुलींनी सॉफ्टबॉलचं विजेतेपद जिंकलं होतं. शिष्यवृत्त्यांचे नियम मोडल्याचं नंतर उघडकीला आलं आणि ते तक्त्यातून खोडलं गेलं.

हे सगळे झाले बडे. मला विचाराल, तर सगळ्यात नवलाचं कॉलेज यांच्यापैकी एकही नाही. ते आहे ओहायो राज्यातल्या गॅम्बिअर नावाच्या खेड्यात. केनयन कॉलेज. विद्यार्थी जेमतेम सतराशेच्या आसपास, हिवाळ्यात बर्फ, आणि एनसीएएच्या तिसऱ्या गटात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मनाई आहे. या केनयनच्या मुलांनी पोहण्याचं आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद १९८० पासून २०१० पर्यंत ओळीनं जिंकलं. एकतीस वर्षं! कॉलेजचा संघ दर चार वर्षांनी अख्खा बदलतो, हे लक्षात घ्या. पहिल्या वेळी जिंकलेली मुलं शेवटच्या वेळी पन्नाशीला टेकली होती.

यांचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम स्टीन. सरावाचं म्हणाल, तर पोहणाऱ्यांचा एक नियम सगळीकडे सारखा: हंगामभर मरेस्तोवर पोहायचं आणि मोठ्या स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सराव हळूहळू कमी करायचा. थकलेले स्नायू भरून येतात, त्यांत इंधन साठतं, आणि ऐन वेळी वेग बाहेर पडतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

ही साखळी तुटली २०११ मध्ये, आणि तोडली शेजारच्याच डेनिसन विद्यापीठानं. डेनिसन ५००.५, केनयन ४९९.५. चार दिवसांच्या स्पर्धेनंतर एका गुणाचा फरक! आणि हा अर्धा गुण आला कुठून? पोहण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पहिल्या सोळा जणांना गुण असतात. पहिल्याला २०, दुसऱ्याला १७, मग १६, १५, १४ असे उतरत सोळाव्याला १. समजा, चौथा आणि पाचवा एकदम भिंतीला पोचले आणि घड्याळालाही फरक सापडला नाही. मग १५ आणि १४ मिळून २९, आणि दोघांना साडेचौदा-साडेचौदा. आता विचार करा, त्या चार दिवसांत सोळाव्याऐवजी सतराव्या आलेल्या केनयनच्या एखाद्या पोराला रात्री झोप लागली असेल का?

आपल्या लोकांचा हात लागलेला एक विक्रमही सांगून टाकते. कनेटिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजचा मुलग्यांचा स्क्वॉश संघ १९९८ ते २०१२ या काळात ओळीनं २५२ लढती जिंकला. त्यांचे प्रशिक्षक पॉल असायंती जगभरातून खेळाडू जमवायचे, आणि त्यात भारतातली, अगदी मुंबईतलीही मुलं होती. येलनं त्यांना अखेर ५-४ असं हरवलं. पण एनसीएएच्या तक्त्यात ट्रिनिटीच्या या पराक्रमासाठी रकानाच नाही, कारण स्क्वॉशची स्पर्धा दुसरी संघटना भरवते!

नुसते चषक मोजण्याऐवजी गुण मोजायची पद्धतही आहे. अमेरिकेत त्यासाठी डायरेक्टर्स कप आहे. वेगवेगळ्या खेळांतल्या क्रमांकांना गुण द्यायचे, दुसऱ्या-पाचव्या आलेल्यांनाही, आणि बेरीज करायची. तो स्टॅनफर्डनं १९९४-९५ पासून सलग पंचवीस वेळा नेला. नंतर टेक्सास विद्यापीठानं त्यांना अडवलं. आपल्याकडेही विद्यापीठांसाठी अशीच मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी आहे, १९५६-५७ पासूनची. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या कामगिरीवर ती मिळते, आणि अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं ती वीसहून जास्त वेळा जिंकलीय.

एनसीएएच्या तक्त्यात नवे रकानेही येतात. मुलींच्या एखाद्या खेळाला आधी उगवत्या खेळांच्या यादीत घेतात. मग निदान चाळीस कॉलेजांनी त्या खेळाचा संघ उभा केला की राष्ट्रीय स्पर्धेचा विचार होतो. मुलींची कुस्ती २०२० मध्ये त्या यादीत शिरली आणि २०२५ मध्ये तिच्या राष्ट्रीय स्पर्धेला मंजुरी मिळाली. तिथल्या कॉलेजच्या कुस्तीत समोरच्याचे दोन्ही खांदे गादीला टेकवून धरले की चितपट. आपल्या गावच्या आखाड्यातल्या मुलींना हे काही नवं नाही.

राहता राहिला खो-खो. चाळीस कॉलेजं हवीत, प्रत्येकात बारा-पंधरा मुली, आणि मैदानाच्या दोन टोकांना रोवायला ऐंशी खांब. उद्या तुमच्यापैकी कोणी शिकायला तिकडे गेलंच, तर सुरुवात खांबांपासून करा.